नव्या मॉनिटरवर अडकलेला ठिपका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा मॉनिटर चालू केला आणि काळ्या पडद्यावर एकच हिरवा ठिपका सारखा डोळ्यांत खुपतोय. अशा वेळी जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर तीन गोष्टी तेवढ्या करा: पडद्यावर बोट दाबू नका, पेटी आणि आतला थर्माकोल टाकून देऊ नका, आणि परतीची मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते ते बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर आत्ताच बघा.

हा ठिपका म्हणजे नेमके काय बिघडलेले असते?

एलसीडी पॅनलच्या मागे पांढरा दिवा सतत जळत असतो. पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो, तो झडपेसारखे काम करतो: उघडला की उजेड येतो, मिटला की अंधार. चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते त्या प्रत्येक ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, अशा तीन झडपा असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीमागे एकेक. या प्रत्येक भागाला सबपिक्सेल म्हणतात आणि प्रत्येकाला स्वतःचा एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजेच ६२,२०,८०० सबपिक्सेल. फोर-के पडद्यावर हाच आकडा २,४८,८३,२०० होतो. त्यातली एक झडप उघडीच राहिली की काळ्यावर रंगीत ठिपका दिसतो. कारखान्यात पॅनल घडवताना बसलेला धुळीचा एखादा कण किंवा ट्रान्झिस्टरमधला बारीकसा शॉर्ट एवढे कारण त्याला पुरते.

पॅनल तयार झाल्यावर कारखान्यातच ते तपासतात. कायम उजळ राहणारा सबपिक्सेल सापडला तर लेझरने त्याची जोडणी तोडून तो कायमचा काळा करण्याची पद्धत आहे, कारण काळा ठिपका उजळ ठिपक्यापेक्षा खूपच कमी जाणवतो. तुमच्यापर्यंत पोहोचलेला उजळ ठिपका हा त्या तपासणीतून निसटलेला असतो, नाहीतर वाहतुकीत किंवा पहिल्या काही तासांच्या वापरात उद्भवलेला.

स्टक पिक्सेल आणि डेड पिक्सेल यांत फरक काय?

स्टक म्हणजे अडकलेला: तो एकाच रंगात कायम पेटलेला असतो. डेड म्हणजे मेलेला: तो कधीच पेटत नाही. हा फरक कळणे महत्त्वाचे, कारण स्टक पिक्सेल सुटण्याची थोडीफार आशा असते, डेडची जवळजवळ नसतेच.

ठिपक्याच्या रंगावरून कोणता सबपिक्सेल बिघडला ते ओळखता येते. काळ्या पडद्यावर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका दिसला तर त्या रंगाचा एकच सबपिक्सेल अडकला आहे. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही, आकाशी म्हणजे हिरवा आणि निळा, जांभळट गुलाबी म्हणजे लाल आणि निळा. पांढरा ठिपका म्हणजे तिन्ही अडकलेले. पांढऱ्या पडद्यावर हिशेब उलटा होतो: तिथे आकाशी ठिपका दिसला तर लाल सबपिक्सेल पेटत नाही, गुलाबी दिसला तर हिरवा पेटत नाही आणि पिवळा दिसला तर निळा. पूर्ण काळा ठिपका असेल तर तिन्ही गेले.

इथे एक मेख आहे. एलसीडी पॅनलचे आयपीएस, व्हीए आणि टीएन असे तीन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस आणि व्हीए पॅनलमध्ये वीज नसेल तेव्हा झडप मिटलेली असते, म्हणून ट्रान्झिस्टर मेला की ठिपका काळा दिसतो. टीएन पॅनलमध्ये वीज नसेल तेव्हा झडप उघडी असते, म्हणून तिथे मेलेला ट्रान्झिस्टरसुद्धा उजळ ठिपका दाखवतो. जुन्या धाटणीच्या स्वस्त टीएन मॉनिटरवर उजळ ठिपका कितीही उपाय करून जात नसेल तर बहुधा कारण हेच.

हिरवा ठिपकाच सगळ्यांना जास्त का खुपतो?

माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत जास्त जाणवतो. मॉनिटरच्या नेहमीच्या रंगमानात पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे अडकलेला हिरवा सबपिक्सेल निळ्याच्या दसपट उजळ भासतो. निळा ठिपका कित्येकांच्या महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

तो ठिपका पिक्सेलचाच आहे, धूळ किंवा किडा नाही, हे कसे ओळखायचे?

आधी मॉनिटर बंद करून पडदा पुसा. मायक्रोफायबरचे कोरडे कापड घ्या. डाग गेला नाही तर कापडाचे टोक साध्या पाण्याने किंचित ओले करा आणि हलक्या हाताने पुसा. काच पुसायचा फवारा वापरू नका. कोणताही द्रव थेट पडद्यावर मारू नका, तो ओघळून खालच्या पट्टीत शिरतो आणि पॅनलचे सर्किट बहुतेक तिथेच असते.

मग ठिपक्याचा आकार बघा. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ०.२७ मिलिमीटरचा असतो, २७ इंची क्यूएचडीवर (२५६० × १४४०) ०.२३ आणि २७ इंची फोर-केवर सुमारे ०.१६. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले की पिक्सेलचा दोष चौकोनी, काटेकोर कडांचा दिसतो. पॅनलच्या आत गेलेली धूळ करडी, पुसट कडांची आणि बहुधा एका पिक्सेलपेक्षा मोठी असते. डोके उजवीकडे-डावीकडे हलवून तिरके पाहिले तर पिक्सेलांच्या जाळीच्या तुलनेत ती किंचित सरकल्यासारखी वाटते, कारण ती मागच्या थरात असते. पिक्सेल जाळीचाच भाग असल्याने जागचा हलत नाही.

आता किडा. मुंबईत जून ते सप्टेंबरात ही तक्रार हमखास येते. फुलकिड्यांसारखे मिलिमीटरभर लांबीचे बारीक किडे उजेडाकडे ओढले जातात आणि मागच्या हवेच्या फटींतून शिरून उजेड पसरवणाऱ्या थरांमध्ये पोहोचतात. काळा ठिपका दहा मिनिटांनी दुसऱ्याच जागी दिसला तर तो किडाच. त्यावर टिचकी मारू नका, दाबूही नका. तो तिथेच चिरडला तर डाग कायमचा राहतो आणि पॅनल उघडल्याशिवाय निघत नाही. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि मागच्या फटींजवळ टेबललॅम्प लावून ठेवा. किडा उजेडाकडे आपणहून निघून जाण्याची शक्यता चांगली असते. पुढे पावसाळ्यात संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी खिडकीची जाळी लावून घ्या.

मॉनिटर पूर्ण तपासायची रीत काय?

पंधरा मिनिटे लागतात आणि पहिल्याच दिवशी करायला हवी. आधी काही सेटिंग बंद करा, नाहीतर दोष लपतात. विंडोजमधला नाइट लाइट आणि मॉनिटरमधला निळा उजेड कमी करणारा पर्याय बंद, एचडीआर बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, लोकल डिमिंग असेल तर तेही बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असताना पूर्ण काळे चित्र आले की काही मॉनिटर मागचा दिवाच मंद करतात किंवा विझवतात. मग अडकलेला पिक्सेल दिसत नाही आणि पॅनल निर्दोष आहे असे वाटून जाते.

रिझोल्युशन पॅनलचे मूळचेच ठेवा. पेंटमध्ये तेवढ्याच मापाची सहा चित्रे करा: काळे, पांढरे, लाल, हिरवे, निळे आणि मध्यम करडे. करड्यासाठी लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८ ठेवा. सहावे चित्र बहुतेकजण गाळतात, पण अर्धवट अडकलेले सबपिक्सेल कधी कधी फक्त करड्यावरच सापडतात. ब्राइटनेस पूर्ण ठेवा, खोलीत अंधार करा, चित्र पूर्ण पडद्यावर घ्या. टास्कबारखालची पट्टीही दिसली पाहिजे. मग नजर डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळीओळीने फिरवा. काळ्यावर उजळ ठिपके शोधायचे, पांढऱ्यावर काळे, आणि तीन रंगांवर त्या त्या रंगाचे न पेटणारे सबपिक्सेल.

डेलसारख्या काही कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रंगचाचणी मॉनिटरमध्येच असते, तिला संगणक लागत नाही. तशी असेल तर तीच वापरा. दोष पॅनलचा की संगणकाचा हा वाद तिथेच मिटतो.

ठिपका सापडला की पट्टीने मोजून जागा लिहून ठेवा: डाव्या कडेपासून किती सेंटिमीटर, वरच्या कडेपासून किती. इंजिनिअर घरी येईल त्या दिवशी ही नोंद नसेल तर तोच ठिपका पुन्हा शोधण्यात वीस मिनिटे जातात.

ठिपका पॅनलमध्ये आहे की ग्राफिक्स कार्डाचा दोष आहे?

मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा आणि तो ठिपक्यावर येईल असा सरकवा. बऱ्याच मॉनिटरमध्ये मेनूची जागा बदलता येते. मेनू आला तरी ठिपका त्यातून दिसत राहिला तर दोष पॅनलचा. मेनूखाली झाकला गेला तर दोष केबल, कार्ड किंवा सॉफ्टवेअरमध्ये. दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची: स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. ठिपका तिथेही दिसला तर मॉनिटर निर्दोष आहे.

एक नाही, पुष्कळ ठिपके आहेत आणि ते लुकलुकतात. हे काय?

हा पिक्सेलचा दोष नव्हे. केबल कमजोर असली किंवा नीट बसली नसली की, विशेषतः १४४ हर्ट्झ किंवा फोर-के ६० हर्ट्झवर, गडद भागात चमचमणारे ठिपके येतात. केबल काढून घट्ट बसवा, रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा. ठिपके गेले तर केबल बदला. वरपासून खालपर्यंत एक सरळ रेषा दिसत असेल तर प्रकरण वेगळे: तिथे पॅनलच्या कडेचे ड्रायव्हर सर्किट किंवा त्याची चिकटजोड गेलेली असते. तशी रेषा वॉरंटीत नाकारणे कंपनीला अवघड जाते, लगेच तक्रार करा.

एक ठिपका आहे म्हणून कंपनी मॉनिटर बदलून देते का?

सगळ्यांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून सविस्तर.

सपाट पडद्यांतल्या दोषांसाठी २००१ साली आयएसओ १३४०६-२ हे मानक आले. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ च्या ३०० क्रमांकाच्या मालिकेने घेतली, त्यातला ३०७ वा भाग याविषयी आहे. जुन्या मानकाने पॅनलचे चार वर्ग केले होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे २ पूर्ण उजळ, २ पूर्ण काळे आणि ५ सबपिक्सेल दोष चालतात. बाजारातल्या सर्वसाधारण मॉनिटरबाबत कंपन्या याच दुसऱ्या वर्गाच्या आसपासची भाषा बोलत आल्या आहेत.

याचा हिशेब करून बघा. फुल एचडीवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे साधारण १० सबपिक्सेल दोष असूनही मॉनिटर मानकात बसतो. फोर-केवर ८२.९ लाख पिक्सेल, म्हणजे जवळपास ४१. म्हणून ‘आयएसओप्रमाणे माल चोख आहे’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे असू शकते आणि तरीही तुमच्या उपयोगाचे नसते.

सुदैवाने बऱ्याच कंपन्यांची स्वतःची पिक्सेल पॉलिसी मानकापेक्षा कडक असते आणि महागड्या श्रेणीत तर एकही उजळ ठिपका असला तरी बदलून देण्याची हमी मिळते. ती पॉलिसी खरेदीआधी कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर शोधा, परदेशातली हमी इथे लागू असेलच असे नाही. वाचताना चार गोष्टी बघा. उजळ आणि काळ्या ठिपक्यांना वेगळी मर्यादा आहे का? मोजणी पिक्सेलची आहे की सबपिक्सेलची? मध्यभागी असलेल्या दोषाला वेगळा नियम आहे का? आणि हमी पूर्ण वॉरंटीभर आहे की सुरुवातीच्या काही दिवसांपुरती? पॉलिसीचे पान पीडीएफ करून तारखेसह जपून ठेवा, कारण संकेतस्थळावरची पाने बदलतात.

ऑनलाइन घेतला आहे. काय करू?

पेटी फोडण्याआधीच मोबाइलवर चित्रण सुरू करा. पेटीवरचे लेबल, सील, अनुक्रमांक, मग मॉनिटर बाहेर काढून चालू करणे आणि काळा-पांढरा पडदा, हे सगळे एकाच सलग चित्रणात घ्या. पेटी उघडून माल दाखवण्याची सोय खरेदीच्या वेळी मिळत असेल तर ती घ्या, पण दारात उभ्या माणसासमोर पिक्सेल तपासून होत नाहीत. त्यात फुटलेला पडदा आणि चुकीचा माल एवढेच पकडता येते.

आता ‘परत’ आणि ‘बदली’ यांतला फरक. मॉनिटरसारख्या वस्तूंवर अनेकदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, आणि तीही कंपनीच्या माणसाने येऊन दोष मान्य केल्यावर. ऑर्डरच्या पानावर नेमके काय लिहिले आहे ते वाचा. मुदत सात दिवसांची असेल तर दुसऱ्याच दिवशी तक्रार नोंदवा. माणूस यायला तीन-चार दिवस सहज जातात, मध्ये रविवार किंवा सण आला तर आणखी. तक्रारीत ‘डिस्प्ले खराब’ असे मोघम लिहू नका. ‘कायम पेटलेला हिरवा सबपिक्सेल, डावीकडून २१ सेंमी, वरून ९ सेंमी’ असे लिहा.

फोटो काढणे वाटते तितके सोपे नाही. काळ्या पडद्यासमोर मोबाइलचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, मग ठिपका विटक्या करड्या डागात हरवतो. ठिपक्यावर बोट ठेवून फोकस अडकवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून दुप्पट झूम पुरतो. शेजारी पट्टी धरा, पडद्याला न टेकवता. एक फोटो जवळचा, एक अख्ख्या मॉनिटरचा आणि एक मागच्या अनुक्रमांकाचा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून घेणार आहे. तिथे तपासून मिळते का?

बहुतेक ठिकाणी मिळते, पण पैसे देण्याआधी विचारायला हवे. ‘शेठ, पेटी इथेच उघडून लावून बघू, ठीक असला की बिल करा’ असे आधीच ठरवा. सोबत पेनड्राइव्हवर वरची सहा चित्रे घेऊन जा. दुकानातला लख्ख उजेड काळ्या पडद्यावरचे दोष झाकतो, म्हणून पडद्यावर दोन्ही हातांनी किंवा पुठ्ठ्याने सावली धरून बघा. ठिपका निघाला तर डीओए, म्हणजे आल्या आल्याच सदोष, म्हणून दुकानदार बदलून देतो की तुम्हाला सर्व्हिस सेंटरला पाठवतो, आणि किती दिवसांत, हे बिलावरच लिहून घ्या. बिल जीएसटीचे आणि अनुक्रमांकासह हवे. कच्च्या पावतीवर वॉरंटी भांडता येत नाही.

घरी नेताना पेटी उभीच ठेवा, बाणाची खूण वर. ग्रँट रोडहून टॅक्सीने न्यायची तर पेटी मागच्या सीटवर उभी, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून. रिक्षा त्या भागात चालत नाही, ती वांद्रे आणि शीवपासून पुढे. लोकलने न्यायची असेल तर दुपारची वेळ आणि लगेजचा डबा. गर्दीत पेटीच्या चपट्या बाजूवर पडलेला दाब थर्माकोलमधूनही पडद्यापर्यंत पोहोचतो. थंडगार एसी गाडीतून दमट घरात आणलेली पेटी लगेच उघडून चालू करू नका, तासदोन तास तशीच राहू द्या. थंड काचेवर बाष्प धरते.

सॉफ्टवेअरने ठिपका सुटतो का? कसे करायचे?

कधी कधी सुटतो. त्या जागेवर रंग सेकंदाला अनेक वेळा बदलत ठेवायचा, म्हणजे अडकलेली झडप पुन्हा पुन्हा उघडमीट करते आणि एखादे वेळी मोकळी होते. ट्रान्झिस्टर जिवंत असेल तरच याचा उपयोग. याने वॉरंटीला धक्का लागत नाही, म्हणून परतीच्या मुदतीतही करून बघायला हरकत नाही. मात्र तक्रार आधी नोंदवा, प्रयोग नंतर.

एक सावधगिरी: हा लुकलुकाट अतिशय तीव्र असतो. घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर त्यांच्यासमोर हे अजिबात चालू करू नका. स्वतःही त्याकडे टक लावून बसू नका, आणि लहान मुले खोलीत नसताना करा.

ब्राउझरमध्ये चालणारे जेस्क्रीनफिक्स आणि विंडोजवर चालणारे यूडीपिक्सेल ही दोन मोफत साधने माहितीतली आहेत. संगणकाचा स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद करा, नाइट लाइट बंद करा. लुकलुकणारा चौकोन ओढून बरोबर ठिपक्यावर ठेवा. पहिल्यांदा किमान दहा मिनिटे, शक्य झाल्यास अर्धा तास चालू द्या आणि मग काळ्या व पांढऱ्या पडद्यावर तपासा. फरक नसेल तर दोनतीन तासांची एक फेरी करा. असे दोनतीन दिवसांत काहीच घडले नाही तर थांबा. आठवडाभर रात्रंदिवस चालवून हाती फारसे लागत नाही.

यूट्यूबवरचे याच कामाचे व्हिडिओ कमी उपयोगाचे. व्हिडिओ आकसताना रंगाची माहिती चार-चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवतात, त्यामुळे प्रत्येक सबपिक्सेलला हवा तसा स्वतंत्र झटका बसत नाही.

ठिपका सुटला तरी पुढचे काही दिवस रोज काळ्या पडद्यावर पाहत राहा. काही ठिपके मॉनिटर रात्रभर बंद राहिला की सकाळी पुन्हा येतात. असा परतणारा ठिपका मुदत संपण्याआधी बदलून घेतलेलाच बरा.

बोटाने किंवा पेन्सिलीने दाबले की जातो असे ऐकले आहे.

मुदतीत आणि वॉरंटीत असताना करू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. दाबाने द्रवस्फटिक हलतात आणि एखादा ठिपका सुटतोही, पण त्याच दाबाने शेजारचे सबपिक्सेल बिघडतात किंवा तिथे कायमचा ढगाळ डाग पडतो. तो डाग इंजिनिअरला लगेच ओळखू येतो आणि ‘ग्राहकाने इजा केली’ असा शेरा पडला की वॉरंटीतून बदली मिळण्याची वाट बंद होते.

वॉरंटी संपलेला जुना मॉनिटर आहे आणि धोका पत्करायची तयारी आहे, तर एवढीच रीत: मॉनिटर बंद, मऊ सुती कापडाची चौपदरी घडी, त्यावर पेन्सिलीचे मागचे बोथट रबरी टोक. ठिपक्याच्या नेमक्या जागी पाच ते दहा सेकंद हलका दाब, तसाच धरून मॉनिटर चालू करायचा आणि दाब सोडायचा. दोन प्रयत्नांत झाले नाही तर सोडून द्या. टोकदार वस्तू, नखे, टिचक्या यांतले काहीही नको.

हेअर ड्रायर, गरम कापड, बर्फ?

नाही. उष्णतेने पडद्यावर चिकटवलेली पोलरायझरची फिल्म आणि तिचा गोंद सुटतो, बर्फाने पाणी आत जाते.

ओएलईडी मॉनिटरला हेच लागू आहे का?

नाही. ओएलईडीमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक सबपिक्सेल स्वतः उजळतो. तिथे दाबणे तर वर्ज्यच, कारण थर फार नाजूक असतात. मॉनिटरच्या मेनूत पिक्सेल रिफ्रेश किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो एकदा चालवा आणि पूर्ण होईपर्यंत वीज तोडू नका. तरीही ठिपका राहिला तर थेट तक्रार. कडेला काळा डाग दिवसेंदिवस पसरत असेल तर आत ओल शिरते आहे असे समजा आणि त्याच दिवशी कळवा.

एक ठिपका शेजारी पसरतो का?

नाही. प्रत्येक सबपिक्सेलचा ट्रान्झिस्टर वेगळा, एकाचा दोष दुसऱ्याला लागत नाही. पण महिनाभरात दुसरा, तिसरा ठिपका नव्याने आला तर पॅनलच कच्चे आहे. प्रत्येकाची तारीख आणि जागा नोंदवा, अशा नोंदीमुळे तक्रारीला वजन येते.

बदली घेणे नेहमीच शहाणपणाचे असते का?

नेहमी नाही. सुरुवातीची मुदत संपल्यावर वॉरंटीत मिळणारा मॉनिटर दुरुस्त करून पुन्हा दिलेला असू शकतो, आणि त्याच्या कडांतून उजेड जास्त झिरपत असेल किंवा त्याला स्वतःचा वेगळा ठिपका असेल. आमचे मत असे: ठिपका उजळ असेल, मधल्या भागात असेल आणि ६० सेंटिमीटरवरून सहज दिसत असेल तर बदलून घ्या. कोपऱ्यात एक काळा सबपिक्सेल आहे, बाकी पॅनल एकसारखे उजळ आहे आणि रंग चोख आहेत, तर ठेवून घ्या. फोटो किंवा चित्रपटाच्या रंगाचे काम करत असाल तर मात्र मध्यावरचा एकही ठिपका मान्य करू नका.

इंजिनिअर म्हणाला ‘मर्यादेत आहे’ आणि गेला. पुढे?

तोंडी नकार स्वीकारू नका, जॉब शीटवर, म्हणजे इंजिनिअरच्या भेटीच्या नोंदपत्रावर, लिहून घ्या. मग कंपनी आणि विक्रेता दोघांनाही ईमेल करा. मजकूर असा चालेल:

‘विषय: पिक्सेल दोषामुळे मॉनिटर बदलून मिळण्याबाबत. महोदय, दि. … रोजी बिल क्र. … ने घेतलेल्या … मॉडेलच्या मॉनिटरवर (अनुक्रमांक …) पहिल्याच दिवशी कायम पेटलेला हिरवा सबपिक्सेल आढळला. जागा डाव्या कडेपासून … सेंमी, वरच्या कडेपासून … सेंमी. केबल बदलून आणि मॉनिटरचा स्वतःचा मेनू त्या जागी आणून तपासले असता दोष पॅनलमध्येच आहे. छायाचित्रे आणि पेटी उघडतानाचे चित्रण सोबत जोडले आहे. मॉनिटर बदलून द्यावा. नकार असल्यास ज्या नियमाने नाकारत आहात तो नियम आणि कारण लेखी कळवावे.’

ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, ईमेल थेट तिथेच पाठवा. तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येते. बरीच प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या वरिष्ठ कक्षात जाते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आणि वकील सक्तीचा नाही. कागद कसे लावायचे हे समजत नसेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: कंपनीची पॉलिसी खरेदीआधी जाहीर असेल आणि तुमचा दोष त्या मर्यादेत बसत असेल तर बाजू कमजोर असते. जाहिरातीत ‘झिरो ब्राइट डॉट’ (एकही उजळ ठिपका नाही) म्हटले असेल तर ती भक्कम असते.

बाहेरचा दुरुस्तीवाला पिक्सेल बदलून देतो का?

एकटा पिक्सेल बदलता येत नाही, अख्खे पॅनल बदलावे लागते आणि मॉनिटरच्या किमतीतला मोठा वाटा पॅनलचाच असतो. उभ्या रेषांवर बाँडिंगचे, म्हणजे पॅनलच्या कडेची चिकटजोड पुन्हा बसवण्याचे, काम करणारे कारागीर मुंबईत आहेत, पण ते काम वेगळे. ‘पिक्सेल दुरुस्त करून देतो’ असे कुणी म्हणाला तर पैसे देऊ नका.

काहीच जमले नाही. ठिपका कमी कसा जाणवेल?

उजळ ठिपका गडद पार्श्वभूमीवर दिसतो, म्हणून विंडोज आणि ब्राउझर उजळ थीमवर ठेवा. काळा ठिपका असेल तर उलट, गडद थीम घ्या. ठिपका वरच्या मध्यावर असेल आणि मॉनिटरला मागे १०० × १०० मिलिमीटरची वेसा भोके असतील तर तो आर्मवर (मॉनिटर धरणाऱ्या दांड्यावर) उलटा बसवा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र १८० अंशांत फिरवा. ठिपका खाली टास्कबारच्या आसपास जातो. आयपीएस पॅनलवर याने रंगात फरक पडत नाही. टीएन पॅनलवर मात्र हे करू नका, कारण ते खालून पाहिल्यावर काळवंडते आणि उलटे लावले की नेमकी तीच बाजू तुमच्या डोळ्यांसमोर येते.